शाईच्या दौतीतून तेलाच्या डब्यात

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात बसून ‘कॅम्लिन नाका’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नाक्यांना कारखान्यांचीच नावं पडली आहेत. कॅम्लिन म्हटलं की मराठी माणसाला कंपासपेटी आठवते, शाईची दौत आठवते, चित्रकलेच्या तासाची रंगपेटी आठवते. पण याच वसाहतीत हेच नाव लावणारी दुसरी एक कंपनी आहे, कॅम्लिन फाइन सायन्सेस. ती शाई बनवत नाही आणि रंगही बनवत नाही. तिच्या इथल्या प्लांटमधून निघालेला माल खाद्यतेलाच्या टाक्यांत जातो, बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या कारखान्यांत जातो. तेल खवट होऊ नये म्हणून तो चिमूटभर घालतात. टीबीएचक्यू आणि बीएचए ही त्यातली दोन मुख्य रसायनं, आणि या दोन्हींच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांमध्ये या कंपनीची गणना होते.

शाईवाल्यांच्या घरातून तेल टिकवणारी कंपनी निघते कशी? दुकानात उभं राहून पाहिलं तर शाई आणि तेल यांचा काहीच संबंध दिसत नाही. गिऱ्हाईक वेगळं, दुकान वेगळं, भाव ठरवण्याची रीत वेगळी. संबंध दिसतो तो कारखान्याच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेत आणि रिअॅक्टरच्या मजल्यावर. कंपनी आज काय विकते यावरून ती उद्या काय विकू शकेल हे कळत नाही. तिच्या माणसांना काय करता येतं ते पाहिलं तर कळतं. हे मी ठामपणे म्हणतो, आणि त्यासाठी तारापूरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरीकडे सापडत नाही.

सुरुवात १९३१ सालची. दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी मुंबईत गिरगावात ‘दांडेकर अँड कंपनी’ काढली. घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या हा पहिला माल. पुढे फाउंटन पेनची ‘कॅमल’ शाई आली आणि त्या उंटानं घरोघरी मुक्काम ठोकला. परदेशी शाईची सद्दी असलेल्या बाजारात देशी शाई टिकवणं हे साधं काम नव्हतं, कारण शाई हा दिसतो त्याहून फार नाजूक माल आहे. दौतीत गाळ बसता कामा नये, बुरशी धरता कामा नये, निब खाल्ली जाऊ नये, पेनाच्या जिभेत शाई वाळू नये. कागदावर मात्र ती झटपट वाळली पाहिजे आणि वर्षानुवर्षं टिकली पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईचं रसायन तर ऐकण्यासारखं आहे. हिरडा किंवा मायफळ यांतलं टॅनिन आणि हिराकस यांपासून ती होते. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. शाई दौतीत असते तोवर त्यातलं लोह एका अवस्थेत असतं आणि रंग फिका असतो. अक्षर कागदावर उमटलं, हवा लागली, की प्राणवायू त्या लोहाची अवस्था बदलतो आणि अक्षर काळं होत जातं. म्हणजे शाई करणाऱ्याचं खरं कसब कोणतं? प्राणवायूची क्रिया कागदावर होऊ द्यायची आणि दौतीत होऊ द्यायची नाही.

तेल खवट होतं तेही प्राणवायूमुळेच. तेलाच्या लांब रेणूंवर प्राणवायू हल्ला करतो, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी सुरू झाली की थांबत नाही. अँटिऑक्सिडंट या साखळीत मध्ये पडतो. आपल्याकडचा हायड्रोजन बिघडलेल्या रेणूला देऊन टाकतो आणि साखळी तोडतो. प्रॉपिल गॅलेट नावाचा एक जुना अँटिऑक्सिडंट आहे. तो गॅलिक आम्लापासून होतो, म्हणजे मायफळाच्याच कुळातला. त्याची खोड अशी, की तेलात किंवा भांड्यात लोहाचा अंश असला तर तो काळा-निळा पडतो. ही शाईचीच क्रिया! शाईवाल्याला जी हवी, तीच तेलवाल्याची डोकेदुखी. टीबीएचक्यू लोहाच्या संगतीत रंग बदलत नाही, आणि तेल गिरण्यांनी त्याला जवळ केलं त्यामागे हेही एक कारण आहे.

कॅम्लिन शाईवरून थेट तेलाकडे गेली नाही. साठच्या दशकात सुभाष दांडेकरांनी कंपनीला चित्रकलेच्या साहित्याकडे नेलं. ग्लासगोला जाऊन ते रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले होते. जलरंग, पोस्टर कलर, मेणाचे खडू, तैलखडू अशी पेटी भरत गेली. रंगद्रव्य बारीक दळणं, ते बंधकात एकसारखं मिसळणं, दहाव्या बॅचचा लाल पहिल्या बॅचच्या लालाशी तंतोतंत जुळवणं, लहान मुलाच्या तोंडात गेला तरी अपाय होणार नाही असा माल निवडणं, हे सगळं त्या काळात कंपनीच्या अंगवळणी पडलं. ऐंशीच्या दशकात फाइन केमिकल्सचा विभाग आला, तेव्हा तिथे हीच शिस्त उपयोगी पडली असणार. खाण्यात जाणाऱ्या रसायनाला लागतं तेच: शुद्धता, एकसारखेपणा, आणि प्रत्येक बॅचचा कागद.

अशा वाढीचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम नीट मांडला तो एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी. १९५९ साली त्यांचं कंपन्यांच्या वाढीवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की कंपनी म्हणजे साधनांचा आणि माणसांच्या अनुभवाचा साठा. हा साठा कधीच पुरेपूर वापरला जात नाही. काही ना काही शिल्लक राहतं, आणि त्या शिलकीतूनच नवा माल सुचतो. त्यांनी बारकाईनं अभ्यासलेली कंपनी होती अमेरिकेतली हर्क्युलस पावडर. १९१२ साली न्यायालयाच्या आदेशानं ड्यूपाँटची दारूगोळ्याची मक्तेदारी फोडली गेली, त्यातून ही निघाली. सुरुंगाची दारू करता करता तिला नायट्रोसेल्युलोज उत्तम कळलं होतं. पहिलं महायुद्ध संपलं, स्फोटकांची मागणी आटली. तेव्हा तेच नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या रंगांत नि प्लॅस्टिकच्या मालात जाऊ लागलं.

१९९० मध्ये सी. के. प्रह्लाद आणि गॅरी हॅमेल यांनी याच विचाराला ‘कोअर कॉम्पिटन्स’ हे नाव दिलं आणि ते जगभरच्या व्यवस्थापकांच्या तोंडी बसलं. प्रह्लाद कोइंबतूरचे. त्यांचे दाखले मात्र जपानी होते: होंडाची इंजिनं, कॅननची प्रकाशविद्या. तारापूरच्या वाचकाला मला त्याहून जवळचा दाखला द्यायचा आहे, कारण तो याच रसायनाचा आहे.

टीबीएचक्यू हायड्रोक्विनोनपासून होतो. फोटोच्या काळ्या खोलीत काम केलेल्यांना हायड्रोक्विनोन माहीत असेल. फिल्म डेव्हलप करायच्या द्रावणातला तो प्रमुख घटक. प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षाराला तो इलेक्ट्रॉन देतो आणि चित्र उमटवतो. देण्याचा हा स्वभावच त्याला अँटिऑक्सिडंट बनवतो. कोडॅकनं स्वतःच्या फिल्मसाठी रसायनं मिळावीत म्हणून १९२० साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला कारखाना काढला. तीच पुढची ईस्टमन केमिकल. फोटोसाठी हायड्रोक्विनोन करणाऱ्या या ईस्टमननंच ‘टेनॉक्स’ या नावानं खाद्यतेलातले अँटिऑक्सिडंट विकले. टीबीएचक्यूला अमेरिकेत खाण्यात वापरायची परवानगी मिळाली १९७२ मध्ये. जपानच्या फुजीफिल्मनंही तशीच वाट धरली. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मचा धंदा बसला, तेव्हा फोटो फिका पडू नये म्हणून केलेलं अँटिऑक्सिडंटचं संशोधन आणि फिल्ममधल्या जिलेटिनची, म्हणजे कोलॅजेनची जाण त्यांनी चेहऱ्याच्या क्रीमकडे वळवली. ‘अस्टालिफ्ट’ २००७ मध्ये बाजारात आलं. फोटो, तेल आणि त्वचा यांचा मिळून एक बाजार कधीच नव्हता. त्यांचा शत्रू मात्र एकच होता.

कॅम्लिनच्या गोष्टीत यापुढचा भाग मला सर्वांत उद्‌बोधक वाटतो. २००६ मध्ये फाइन केमिकल्सचा विभाग मूळ कंपनीतून वेगळा काढला गेला; तीच आजची कॅम्लिन फाइन सायन्सेस. २०११ मध्ये मूळ कॅम्लिनचं नियंत्रण जपानच्या कोकुयो या कंपनीकडे गेलं. १९०५ साली हिशेबाच्या वह्यांचे पुठ्ठे करण्यापासून सुरू झालेली ही कंपनी. वह्या, फायली, कचेरीचं सामान हा तिचा धंदा. शाई-रंगांची कॅम्लिन तिच्याकडे गेली, कारण दोघींचं गिऱ्हाईक एक: शाळेत जाणारं मूल आणि कचेरीतला कारकून. आणि त्याच २०११ मध्ये रसायनांच्या कॅम्लिननं इटलीत राव्हेन्नाचा बोरेगार्ड इटालियाचा कारखाना विकत घेतला. एकाच घराच्या दोन फांद्या एकाच वर्षी दोन दिशांना गेल्या. एक गिऱ्हाइकाच्या मागे गेली, दुसरी रेणूच्या मागे. विविधीकरणाचे हे दोन्ही मार्ग खरेच आहेत. गिऱ्हाइकाचा मार्ग बाहेरून सहज दिसतो, रेणूचा दिसत नाही. बाजाराचा आढावा घेणारी माणसं म्हणूनच दुसऱ्या मार्गाला ‘असंबद्ध विस्तार’ म्हणतात आणि चुकतात.

राव्हेन्ना का? कारण तिथे हायड्रोक्विनोन होत होतं, आणि ते करणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके. टीबीएचक्यू आणि बीएचए करणारा माणूस कच्च्या मालासाठी त्यांच्या दारात उभा. त्यातले काही त्याचे प्रतिस्पर्धीही. कच्चा माल आपल्या हाती असावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्या इच्छेनं कंपनीला आणखी एका धंद्यात ढकललं, आणि ते कसं घडलं हे पाहायला थोडं रसायन लागेल.

फिनॉलवर हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया केली की त्याच्या कड्याला एक जादा हायड्रॉक्सिल गट चिकटतो. तो समोरच्या जागी चिकटला तर हायड्रोक्विनोन, शेजारच्या जागी चिकटला तर कॅटेकॉल. कोणत्या जागी चिकटायचं हे रेणूवर पूर्णपणे लादता येत नाही. उत्प्रेरक बदलून प्रमाण इकडेतिकडे करता येतं, पण एक हवं तर दुसरंही घ्यावंच लागतं. लोणी काढायचं तर ताक निघणारच, तसं हे आहे. आणि ताक ओतून देणाऱ्या घराला लोणी महागच पडतं. तेव्हा प्रश्न उभा राहिला, कॅटेकॉलचं करायचं काय?

कॅटेकॉलवर एक मिथिल गट बसवला की ग्वायकॉल होतं. खोकल्याच्या औषधात कफ सुटण्यासाठी घालतात ते ग्वायफेनेसिन याच ग्वायकॉलपासून बनतं. ग्वायकॉलची ग्लायऑक्सिलिक आम्लाशी गाठ घातली, मग ऑक्सिडेशन केलं आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की हाती येतं व्हॅनिलिन. आइस्क्रीम, बिस्किटं, चॉकलेट यांचा जो ओळखीचा गोड वास, तो हा. जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी बहुतेक असंच कारखान्यात होतं. व्हॅनिलाच्या शेंगांतून येणारं अगदी थोडं. कॅम्लिन फाइन सायन्सेसनं पुढे गुजरातेत दहेजला हायड्रोक्विनोन-कॅटेकॉलचा स्वतःचा प्रकल्प उभारला आणि तिथेच व्हॅनिलिनही घेतलं.

म्हणजे तेल टिकवायला निघालेली कंपनी वासाच्या धंद्यात आली, ती कुणाला आइस्क्रीमच्या बाजाराचं आकर्षण वाटलं म्हणून नव्हे. एका रेणूची दोन भावंडं बरोबर जन्मतात म्हणून. गिऱ्हाईक मात्र फार बदललं नाही, कारण बिस्किटवाला अँटिऑक्सिडंटही घेतो आणि व्हॅनिलिनही. तंत्र आणि बाजार दोन्ही जुळले की धंद्याची वीण घट्ट होते.

तारापूरच्या वसाहतीत हिंडलं की हेच लहान प्रमाणावर जागोजागी दिसतं. इथला ठरावीक कारखाना म्हणजे काचेचं अस्तर असलेले आणि स्टेनलेस स्टीलचे रिअॅक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर, मागे सॉल्व्हंटच्या टाक्या. आज ज्या रिअॅक्टरमध्ये रंगाचं इंटरमीडिएट चाललंय, त्यातच धुऊन-पुसून पुढच्या महिन्यात औषधाचं इंटरमीडिएट चालू शकतं. मालक नायट्रेशन, हायड्रोजनेशन, क्लोरिनेशन शिकलेला असतो. कोणत्या रेणूवर ते करायचं हे मागणी ठरवते. आरती इंडस्ट्रीज या वसाहतीतली मोठी कंपनी. तिचं घराणं बेंझिनचं. बेंझिनपासून निघालेली इंटरमीडिएट्स रंगांत जातात, शेतीच्या औषधांत जातात, रबराच्या रसायनांत जातात, माणसांच्या औषधांतही जातात. या समूहाचे संस्थापक चंद्रकांत गोगरी यूडीसीटीचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे विद्यार्थी. १९३३ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत रंग, औषधं, तेलं यांचे वर्ग एकाच आवारात चालत आले आहेत. तिथे शिकलेल्याला या धंद्यांमधल्या भिंती पातळच दिसणार.

आणि हे कसब राहतं कुठे? पेटंटच्या कागदात थोडं, बाकी माणसांत. नायट्रेशनची उष्णता कोणत्या क्षणी हाताबाहेर जाऊ लागते, आवाज बदलला तर काय समजायचं, बर्फाचं पाणी किती आधी सोडायचं, हे शिफ्टमधल्या जुन्या ऑपरेटरला कळतं. तारापूरमधल्या स्फोटांच्या आणि आगींच्या बातम्या आपण वाचतो. रिअॅक्टर सारखाच आहे म्हणून नवा रेणू घेतला आणि तो समजून घेतलाच नाही, तर काय होतं ते रसायनशास्त्र निर्दयपणे दाखवतं. सामायिक यंत्र म्हणजे सामायिक ज्ञान नव्हे.

रसायनांबाहेरही पाहा. विराज प्रोफाइल्सच्या इथल्या कारखान्यांत वितळलेल्या स्टेनलेस स्टीलपासून सळ्या, तारा, फ्लँज, नट-बोल्ट निघतात. किंवा पलीकडचं अणुकेंद्र घ्या. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या समृद्ध युरेनियमवर चालायच्या होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडला, पुढे फ्रान्सकडून इंधन आलं. दरम्यान तारापूरमध्येच वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याची विद्या उभी राहिली होती. त्यातून मिळणारं प्लुटोनियम युरेनियममध्ये मिसळून इंधन बनवण्याचं काम इथे सुरू झालं, आणि नव्वदच्या दशकात ते इथल्याच अणुभट्ट्यांत वापरून पाहिलं गेलं. कल्पाक्कमच्या जलद प्रजनक अणुभट्टीचं इंधन पुढे तारापूरच्याच या कारखान्यात घडलं. नफा हा इथे हेतू नव्हता, पण वाढीची रीत तीच.

तंत्राचं नातं असलं म्हणजे पैसा मिळतोच, असं मात्र समजू नये. व्हॅनिलिनमध्ये चिनी मालानं भाव पाडले, युरोपात वीज आणि गॅस महागले, आणि कॅम्लिन फाइन सायन्सेसच्या वाट्याला तोट्याची वर्षंही आली. रेणू ओळखता येणं ही एक गोष्ट आणि तो शेजाऱ्यापेक्षा स्वस्त करता येणं ही दुसरी. कच्च्या मालापासून शेवटच्या मालापर्यंत सगळी साखळी स्वतःकडे घेणाऱ्याचं भांडवल त्या साखळीतच अडकून पडतं, हेही विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे आणि ती पालघर जिल्ह्यात राहणाऱ्यांना रोज भोगावी लागते. कारखाने ज्ञान वाटून घेतात तसं घाणही वाटून घेतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर पहिल्या क्रमांकावर होतं. वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडलं जातं. तिथल्या मासेमारांच्या वतीनं अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ मध्ये लवादानं कारखान्यांवर व सामायिक सांडपाणी प्रकल्पावर नुकसानभरपाई बसवली.

फिनॉलवर पेरॉक्साइडची क्रिया होते तेव्हा पेरॉक्साइडचं शेवटी पाणी होतं. अशा स्वच्छ वाटा रसायनशास्त्रात आहेत. नको असलेल्या कॅटेकॉलमध्ये ज्यांना व्हॅनिलिन दिसलं, त्यांच्याच पिढीच्या रसायनज्ञांना सांडपाण्यातला क्षार, सौम्य आम्ल आणि वाया जाणारं सॉल्व्हंट यांतही माल दिसायला हवा. विलगीकरण आणि शुद्धीकरण हे या वसाहतीचं सर्वांत जुनं कसब आहे. आजवर ते मालाच्या बाजूला वापरलं गेलं, सांडपाण्याच्या बाजूला फार कमी. तारापूरच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: तुमच्याकडचा सर्वांत हुशार केमिस्ट वर्षभर ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर नेमा, आणि त्याला तिथे नवा माल शोधायला सांगा.